बर्फाच्या लाद्या आणि अकरावं बटण

काचेवरचं बर्फ वितळवायचं यंत्र दुरुस्त करायला पाटोद्याला निघालोय, असं भर मे महिन्यात गेवराईजवळच्या टपरीवर सांगितलं, तेव्हा टपरीवाल्यानं चहाच्या आधी मला पाणी दिलं.

त्याचं काही चुकलं नाही. मी संभाजीनगरला जुन्या गाड्यांची विजेची कामं करतो. काही परदेशी गाड्यांच्या मागच्या काचेवर बारीक तपकिरी रेघा असतात. बटण दाबलं की त्या तापतात आणि काचेवरचं दव, बर्फ निघून जातं. यालाच डीफ्रॉस्टर म्हणतात. उसाच्या फडात स्वेटरचा जेवढा उपयोग, तेवढाच बीड जिल्ह्यात याचा. पण पाटोद्याजवळच्या एका शेतकऱ्याचा, आण्णांचा, चार वेळा फोन आला होता. "तेवढं बटण चालू करून द्या. बाकी काई इचारू नका."

मांजरसुंब्याला धाब्यावर रबडी खाल्ली. एक वाटी खाऊन थांबायला हवं होतं. तिसऱ्या वाटीनंतर अशी सुस्ती आली की पाटोद्याचा फाटा सोडून मी धाराशिवच्या रस्त्यानं अर्धा तास सरळ गेलो. शेवटी एका मेंढपाळानं मला वळवलं.

"पाटोदा मागं ऱ्हायलं की! इकडं कावून आले?"

"रबडीमुळे," मी खरं ते सांगितलं.

मग बालाघाटाचे बोडके डोंगर, मधूनच सीताफळीची झुडपं, आणि दुपार उतरताना आण्णांचं शेत. पत्र्याच्या शेडखाली गोधडी पांघरून ती गाडी उभी होती. आण्णांच्या वडिलांनी मुंबईत एका लिलावात घेतलेली, चाळीसेक वर्षांची, अजून देखणी. आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ बापू दोघंही शेजारी उभे. मधे त्यांचे ऐंशीचे मामा.

"मामा, त्याला म्हणावं मिस्त्री आले," आण्णा म्हणाले.

"मामा, त्याला म्हणावं मला दिसतंय," बापू म्हणाले.

दोघांत हातभर अंतर होतं. सहा महिने हे असंच चाललेलं. मी कामाला लागलो तेव्हा मामांनी बाजेवर बसून सगळं सांगितलं. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, आणि आण्णा चारचौघांत बोलून गेले, "वेगळं व्हा." मग वाटणीला मामा पंच. जमीन, बैलं, कडबाकुट्टी (वैरण कापायचं यंत्र), सगळं वाटून झालं. गाडी बापूंच्या वाट्याला आली. बापू म्हणाले, हरेक वस्तू चालू पाहिजे, तरच सही. त्यांनी गाडीतली बटणं मोजली. अकरा. दहा चालत होती.

"त्याला वाटणी नको हाय," मामा हळूच म्हणाले. "तोंडानं म्हणत न्हाई. बटणं मोजतो."

"आणि आण्णांना?"

"त्याला तरी कुठं पायजे? पण गावासमोर बोलून गेला. आता शबूद माघारी घ्यायचा कसा?"

मला वाईट वाटलं. पण मी तारांचा माणूस, वाटणीचा नाही. मागच्या सीटवर वर्षानुवर्षं पेंडीची पोती वाहून तारा खरवडल्या होत्या. मीटर लावून तुटलेल्या सात जागा शोधल्या, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रंगानं एकेक रेघ जोडली. एवढं नाजूक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. संध्याकाळी येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याची) आणि भाकरी असं जेवण झालं. एकाच चुलीवरचं, पण दोन पंगतींत.

सकाळी मीटरचा काटा हलला. बापू बधले नाहीत.

"काटा हालला म्हंजी काय? दव गेलेलं दिसलं पायजे."

आता पाटोद्यात मे महिन्यात दव आणायचं कुठून? आण्णांनी हट्टाला पेटून गावातून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या. दोघा भावांच्या बायकांनी बर्फाचे तुकडे पोत्यात भरून बाहेरून काचेला लावले. काच तडकेल म्हणून मी जीव मुठीत धरून होतो. आत पुढच्या सीटवर मामा, त्यांच्या पायाशी उकळत्या पाण्याचं पातेलं. मागे आण्णा, बापू आणि मधे मी. खिडक्या बंद.

"फुंका!" मामांनी हुकूम सोडला.

आम्ही तिघं मागे वळून, सीटवर गुडघे टेकून काचेवर हा-हा करत फुंकू लागलो. घामानं सगळे निथळत होतो. अखेर काच पांढरी झाली. मामांनी गाडी चालू करून अकरावं बटण दाबलं. थोड्या वेळानं धुक्यात एक स्वच्छ रेघ उमटली, मग दुसरी, मग सगळ्या. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. माझ्याशिवाय कुणीच वाजवल्या नाहीत.

मामांनी खिशातून कागद आणि पेन काढलं. बापू काचेकडेच बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मिस्त्री," आण्णा म्हणाले, "ह्या तारा लई नाजूक अस्त्यात का?"

"नख लागलं तरी जातात," मी ऐटीत म्हणालो.

आण्णांनी हात लांबवला आणि बोटातली अंगठी काचेवर वरपासून खालपर्यंत ओढली. करकर आवाज झाला. एकही तार वाचली नाही.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलोच. रात्रभर जपलेलं काम माझ्या डोळ्यांदेखत गेलं होतं.

"चुकून लागली," आण्णा बाहेर बघत म्हणाले.

मामांनी सावकाश पेनाला टोपण लावलं. "मिस्त्री, आता दुरुस्तीला किती दिस?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. काम एका दुपारचं होतं.

"काचच नवी लागेल," मी म्हणालो. "परदेशातून. वर्ष लागेल, दोन लागतील. काही सांगता येत नाही."

"घाई न्हाई," बापू म्हणाले. मग मामांना मधे न घेता, थेट भावाला, "आंगठी वाकली का बघ."

तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाशी मी त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोललो, आणि परतताना बीड ओलांडेपर्यंत खुशीत गुणगुणत होतो. घरी बायकोनं विचारलं, काम झालं का?

"झालं," मी म्हणालो. "चार मिनिटं टिकलं. तेवढं पुरलं."