साहेबांनी फक्त विचारलं होतं

“त्या जेईचा नंबर आहे का कुणाकडे?” सरनाईक साहेबांनी विचारलं.

सोनाळ्याच्या शिवारात, कमलबाईंच्या संत्र्याच्या बागेत आम्ही बसलो होतो. साहेब बाजेवर, बाकीचे सतरंजीवर. याला आमच्या धंद्यात ‘फोकस ग्रुप डिस्कशन’ म्हणतात. गावातल्या काही जणांना एकत्र बसवायचं, एक विषय काढायचा आणि आपण गप्प राहायचं. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ती नुकतीच मोडली होती.

जेई म्हणजे ज्युनियर इंजिनिअर. त्या भागातली वीज त्याच्या अखत्यारीत.

“नंबर हाये सायेब,” कमलबाई म्हणाल्या. “पण तो उचलत नाही. गावातले समदे नंबर त्यानं ओळखून ठेवले.”

साहेबांचा नंबर त्यानं ओळखून ठेवलेला नव्हता. त्यानं उचलला.

“सरनाईक बोलतोय. सोनाळ्यात आहे.”

एवढंच. फोन स्पीकरवर होता. पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“यस सर.”

“कमलबाईंच्या बागेजवळची डीपी कधी बसतेय?”

“सर, प्रोसेसमध्ये आहे.”

“प्रोसेस मला माहीत आहे. मी तारीख विचारली.”

“परवा सर.”

“उद्या.”

“उद्या सर.”

साहेबांनी फोन खिशात टाकला आणि चर्चा घेणाऱ्या मृण्मयीकडे बघून म्हणाले, “हां, तुमचं चालू द्या.”

मृण्मयीचं काही चालू राहण्यासारखं उरलं नव्हतं.

इथे थोडी ओळख करून द्यायला हवी. आमची संस्था पुण्याची. बुलढाण्यात तिचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. पाटीवर ‘धोरण अभ्यास केंद्र’ असं लिहिलंय. बोलताना आम्ही थिंक टँक म्हणतो. सरकारी काम का अडतं ते शोधून अहवाल लिहायचा आणि सरकारला द्यायचा, हे आमचं काम. सरकार तो स्वीकारतं. पुढचं आम्हाला माहीत नसतं.

अशा संस्थांमध्ये धोरण शिकून आलेले लोक थोडे. बाकी सगळे दुसरीकडून आलेले. उपसंचालक बँकेतून आले. ते कुठल्याही गावात शिरले की आधी पत कुणाची चांगली ते हेरतात. एक जण कन्सल्टन्सीतून आला. त्यानं दुष्काळ, कुपोषण आणि एसटी, तिन्ही विषय एकाच चार चौकोनांच्या आकृतीत बसवले होते. एक प्राध्यापक आहेत. त्यांना वेळ विचारली तरी ते घड्याळाच्या इतिहासापासून सुरुवात करतात. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवरून आलो. विशेषणं कापणं आणि एक फोन करून खात्री करणं, या दोन सवयी सोबत आल्या. इथे दोन्हीला फार मागणी नाही.

संचालक सरनाईक साहेब. आयुष्यभर प्रशासनात, बऱ्याच जिल्ह्यांत, वरच्या खुर्चीत. माणूस सरळ. पैशाचा डाग नाही. फक्त निवृत्त झाल्याची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती.

संस्थेच्या वेबसाइटवर सगळ्यांचे परिचय लिहिणं माझ्याकडे होतं. साहेबांच्या नावापुढे मी ‘माजी सनदी अधिकारी’ लिहायचो. मसुदा परत यायचा तेव्हा ‘माजी’ गेलेलं असायचं आणि जागी ‘प्रशासनाचा प्रदीर्घ अनुभव’ आलेलं असायचं.

“साहेब, माजी लिहिलं तर काय बिघडतं?” एकदा विचारलं.

“माजी म्हटलं की माणूस फोटोत गेल्यासारखा वाटतो.”

मी ‘प्रदीर्घ’ कापलं. बाकी ठेवलं.

आता अभ्यास काय होता ते. शेतातल्या मोटारींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला खेड्यात डीपी म्हणतात. ती जळाली की तिच्यावरच्या सगळ्या मोटारी बंद. जळालेली डीपी बदलून मिळायला किती काळ लागतो, आणि का लागतो, हे आम्ही मोजत होतो. अभ्यास मृण्मयीचा. अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेली, पुण्याची, कामात कडक. तिनं जिल्ह्यात ठिकठिकाणच्या जळालेल्या डीप्या निवडल्या होत्या. पद्धत सोपी: नुसतं बघायचं. शिफारस करायची नाही, फोन करायचा नाही, साधा टोमणाही मारायचा नाही. आपण हात लावला की मोजमाप बिघडतं. वार्ताहरानं मोर्चाची बातमी द्यावी, मोर्चात घोषणा देऊ नयेत, तसं.

साहेबांना फिल्ड बघायची होती. म्हणून त्यांना आणलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मृण्मयीनं वही मिटली. मग म्हणाली, “सर, आपण निरीक्षक होतो.”

“होतो म्हणजे? आहोत.”

“तुम्ही आदेश दिलात.”

“आदेश कुठे? मी फक्त विचारलं.”

“तो ‘यस सर’ म्हणाला.”

“त्याच्यावर संस्कार चांगले आहेत.”

“तुम्ही निवृत्त आहात हे त्याला सांगितलं नाही.”

“त्यानं विचारलं नाही.” साहेब मागे वळले. “मृण्मयी, बाईंची फुलं गळायला आली होती. तू बघितलीस ना?”

बघितली होती. संत्र्याला थंडीत मुद्दाम पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं. मग पाणी सोडलं की ते फुलतं. तो अंबिया बहार. कमलबाईंनी ताण संपवून पहिलं पाणी दिलं, कळ्या दिसू लागल्या आणि डीपी जळाली. विहिरीत पाणी होतं, मोटारीला वीज नव्हती. पुढचं पाणी मिळालं नाही तर फूल गळणार आणि वर्षाचं पीक त्याच्यासोबत जाणार.



दुसऱ्या दिवशी डीपी बसली. कमलबाईंनी फोटो पाठवला. डीपीला हार, समोर नारळ, बाजूला वायरमन. खाली आवाजी निरोप: “सायेबाले सांगा, पाणी सोडलं. आता पाणंदीच्या रस्त्याचं पाहा म्हणा.”

साहेब खूष. अहवालात एक चौकट टाकायची ठरली: ‘यशोगाथा: प्रशासकीय इच्छाशक्ती’. ती मी लिहायची. मृण्मयीनं तिच्या आलेखातला एक ठिपका मला दाखवला. बाकीचे ठिपके वर एका घोळक्यात. हा एकटा खाली, फरशीवर सांडल्यासारखा.

“ही यशोगाथा,” ती म्हणाली.

चौकट लिहिण्याआधी मी सवयीनं एक फोन केला. जेईलाच. संस्थेचा माणूस म्हटल्यावर तो मोकळं बोलला. वयानं लहान होता.

“सर सध्या कुठल्या पोस्टवर आहेत? मंत्रालयात ना?”

“संस्थेत. आमचे संचालक.”

“डेप्युटेशनवर?”

“निवृत्त आहेत.”

पलीकडे खुर्ची या वेळी हलली नाही.

“म्हणजे आता ते कुणीच नाहीत?”

“तसं नाही म्हणता येणार. पण तुमचे साहेब नाहीत.”

“काऊन करता बाप्पा अशे,” तो म्हणाला. ऑफिसची मराठी संपली होती. “ती डीपी बरडावरची होती. त्याइची पयले जळाली, त्याइचा नंबर पयले होता. दुरुस्त होऊन गाडीत चढली होती. सायेबाचा फोन आला, गाडी मी कमलबाईकडं वळवली. आता बरडावरच्याइले काय सांगू?”

“आतापर्यंत काय सांगितलं?”

“वरून आदेश हाये म्हणून.”

बरड म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची मुरमाड जमीन. तिथेही संत्रा आहे. तिथल्या डीपीवर गजानन नावाच्या शेतकऱ्याची बाग आहे. हे मला माहीत होतं, कारण बरडावरची डीपीही मृण्मयीच्या यादीत होती. साहेबांनी एका फोनमध्ये आमच्याच अभ्यासातली एक डीपी उचलून आमच्याच अभ्यासातल्या दुसऱ्या जागी नेली होती. एक आकडा खोटा लहान झाला, दुसरा खोटा मोठा होत चालला होता.

मी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. चौकट होणार नाही, हेही सांगितलं.

त्यांनी फोन उचलला. स्पीकर लावला नाही, पण खोली लहान होती.

“सरनाईक बोलतोय.”

“बोला सर.” ‘यस’ गेला होता.

“बरडावरच्या डीपीचं काय?”

“सर, प्रोसेसमध्ये आहे.”

“तारीख?”

“स्टोअरला दुसरी तयार नाही सर. आपण एकदा ऑफिसला अर्ज द्या, रीतसर. बघून घेऊ.”

साहेबांनी फोन ठेवला. ‘रीतसर अर्ज द्या, बघून घेऊ’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती लोकांना ऐकवलं असेल, हा प्रश्न मनात आला. विचारला नाही.

आम्ही पुन्हा सोनाळ्याला गेलो. या वेळी बाज नव्हती. गजानन बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता. झाडांखाली पांढरी फुलं पडली होती. वास फार गोड येत होता, आणि तीच तक्रार होती.

साहेबांनी सरळ सांगितलं. कुणाला फोन केला, काय बोलले, मग काय झालं.

गजाननानं ऐकून घेतलं. “म्हंजे तुमाले अधिकार नव्हता?”

“नव्हता.”

“तरी आली डीपी?”

“आली.”

“अन् ज्याइले अधिकार हाये, त्याइच्यानं येत नाही.” तो हसला. “कमाल हाये जी तुमची. मंग माह्यासाठी बी बिगर अधिकाराचा एक फोन लावा ना.”

“लावला. आता त्याला कळलंय.”

“कोनं सांगतलं?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. गजाननानंही बघितलं.

“तुमी सांगतलं? चार रोज थांबले असते तं काय पोट दुखलं असतं काय तुमचं?”

खात्री करून घेण्याच्या सवयीबद्दल इतकं स्पष्ट मत मला डेस्कवरही कुणी दिलं नव्हतं.

साहेब गजाननाला घेऊन वीज ऑफिसला गेले. मी आणि मृण्मयी मागे. जेईच्या खोलीबाहेर बाकडं होतं. त्यावर साहेब बसले. मी त्यांना असं दाराबाहेर बसलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनीही बघितलं नसावं, कारण पाय कुठे ठेवायचे ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

शिपाई आला. “कोन आलं म्हणून सांगू?”

सोपा प्रश्न. पण साहेबांना तो बहुधा पहिल्यांदाच येत होता. आडनाव सांगून भागणार नव्हतं. आडनावाची किंमत आत कळलेली होती.

गजाननानं सोडवलं. “सांग, बरडावरचे आले. डीपीवाले.”

“दोघं बी?”

“दोघं बी.”

शिपाई आत गेला, बाहेर आला. “थांबा म्हणते.”

साहेब थांबले. त्या दिवशी, आणि नंतरही. पुण्याला परत गेलेच नाहीत. बुलढाण्याच्या विश्रामगृहात राहून रोज गजाननाबरोबर यायचे. जुन्या ओळखींना फोन केला नाही. मृण्मयीनं बजावलंच होतं, पण मला वाटतं तिनं बजावलं नसतं तरी केला नसता. बाकड्यावर त्यांना पुष्कळ कळलं. स्टोअरला डीपीत भरायचं तेल नव्हतं. तेल आलं तेव्हा गाडी नव्हती. गाडी आली तेव्हा सही करणारा रजेवर होता. साहेब हे सगळं संध्याकाळी मृण्मयीला सांगायचे, आणि ती लिहून घ्यायची. अहवालाचं सगळ्यात वाचनीय प्रकरण त्यातून निघालं.

शेवटी गजाननाच्या ट्रॅक्टरमधून डीपी आली. हार नाही, नारळ नाही. तोवर निम्मा बहार गळून गेला होता. निम्मा वाचला.

साहेबांनी बागेत एक चक्कर मारली. “नुकसान माझ्यामुळे झालं,” म्हणाले.

“निम्मं तुमच्यानं,” गजानन म्हणाला. “निम्मं रीतसर झालं.”

अहवाल छापायला जाताना मृण्मयीनं तळटीप लिहिली: ‘सोनाळ्यातील दोन्ही नोंदी संशोधकांच्या हस्तक्षेपामुळे सरासरीतून वगळल्या आहेत.’ अहवालावर संशोधक म्हणून नाव तिचं एकटीचं होतं. मसुदा साहेबांकडे गेला. परत आला तेव्हा ‘संशोधकांच्या’वर काट होती आणि वर त्यांच्या अक्षरात ‘संचालकांच्या’. मी मागचं पान उलटलं. तिथे परिचय होता. माझ्या मसुद्यातलं ‘माजी’ त्यांनी या वेळीही खोडलं होतं. जागी ‘निवृत्त’ लिहिलं होतं.

मी दुरुस्ती जशीच्या तशी ठेवली.

कमलबाईंचा फोन अजून येतो. पाणंदीच्या रस्त्याचं काय झालं, असं विचारतात. साहेब निवृत्त आहेत, असं त्यांना सांगितलं. “असू द्या ना,” त्या म्हणाल्या, “रस्तेवाल्याइले कुठं माहीत?”

आता कुठल्याही गावात शिरण्याआधी मृण्मयी हात पुढे करते. साहेब निमूट फोन तिच्या हातात देतात. गेल्या आठवड्यात देऊळगाव राजाला बँकवाले उपसंचालक सोबत होते, तेव्हा तिनं त्यांच्याकडूनही घेतला.

थिंक टँकमध्ये माणूस घेताना त्यानं आधी काय काम केलं, हे खोदून विचारतात. ते काम करणं त्यानं थांबवलंय का, हेही विचारून ठेवावं.