सामंतांचं ताइहू बघणं

सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सौमित्रने 'भाताचा कुकर – सामंतकाका' असं लिहिलं, तेव्हाच चंद्रशेखर सामंतांनी नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी अंगठा पाठवला.

अंगठा पाठवून झाल्यावर मग सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते अर्धा तास चिडचिड करत फिरले. "बावीस माणसं आहेत गं. त्यात नऊ जण आयटीतले. एकालाही कुकरचं बटण दाबता येऊ नये?"

"मग सांगा ना त्यांना तसं," सरोजिनीबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

"आता काय सांगणार? अंगठा गेला."

सामंतांचं सगळं आयुष्यच असं अंगठा देऊन गेलं होतं. वेंगुर्ल्याचा मुलगा, बाविसाव्या वर्षी जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून चढला आणि एकोणीस वर्षं दर्यावर राहिला. लोकांना वाटतं, या माणसाने जग पाहिलं असेल. कसलं जग! जहाज बंदरात शिरायला लागलं की वर डेकवर सगळे कठड्याला टेकून किनारा बघतात, आणि इंजिनिअर मात्र तळघरात असतो. बंदर जवळ आलं की इंजिन कधी हळू, कधी उलटं, कधी बंद करायचं असतं, त्यामुळे इंजिनरूममधल्या कुणालाही जागा सोडता येत नाही. सामंत सिडनीत शिरले, रिओत शिरले, इस्तंबूलच्या सामुद्रधुनीतून सात वेळा गेले. प्रत्येक वेळी त्यांना दिसली ती तेलकट जाळीची जमीन आणि समोरचे प्रेशर गेज. बंदराला लागल्यावर दुरुस्त्या निघायच्या. त्या संपेपर्यंत जहाज सुटायची वेळ व्हायची.

लग्नानंतर पहिल्या वर्षी सरोजिनीबाई चार महिने त्यांच्याबरोबर जहाजावर होत्या. इस्तंबूल त्यांनी पाहिलं. डेकवर एकट्याच उभ्या होत्या, डोक्याला स्कार्फ बांधून. सामंत रात्री घामाने निथळत केबिनमध्ये आले तेव्हा त्यांनी मिनार कसे होते, पाण्यावर उजेड कसा पडला होता ते सगळं सांगितलं. सामंत ऐकता ऐकता झोपले. तेव्हापासून कुणी विषय काढला की बाई एवढंच म्हणायच्या, "यांची सगळी बंदरं मी बघितलीयेत."

त्या हे हसून म्हणायच्या. पण सामंतांना ते लागायचं.

पुढे ते सिंगापूरला किनाऱ्यावरच्या नोकरीत आले. कंपनीची जहाजं दुरुस्तीला चीनमध्ये जायची आणि त्यांच्यावर देखरेख करायला सामंत जायचे. गोदी यांगत्सेच्या काठी होती आणि उतरायचं हॉटेल वूशी शहरात. त्या शहराच्या कडेला ताइहू नावाचं सरोवर आहे. एकदा एका ड्रायव्हरने रस्ता बदलला आणि वळणावर अचानक सगळी खिडकी पाण्याने भरून गेली. पलीकडचा काठ दिसेना. धुकट पाणी, मध्ये बेटं, एक लहानशी होडी. सामंत तेव्हा फोनवर होते. प्रॉपेलरच्या शाफ्टबद्दल कुणीतरी कानात ओरडत होतं. दीड मिनिटात वळण संपलं.

त्यानंतर चौदा वर्षांत ते वूशीला एकोणतीस वेळा गेले आणि सरोवरावर एकदाही गेले नाहीत. गोदीतून सुटायला रात्र व्हायची, रविवारी पेंट सुकलाय का ते बघायला जावं लागायचं. पण दर वेळी घरी आले की बॅग ठेवता ठेवता म्हणायचे, "सरू, एकदा तुला ते तळं दाखवणार. दोघांनी बरोबर बघायचं. मी खाली आणि तू वर, असं नाही."

यंदा जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. मग सिंगापूरचा कामाचा पास संपणार आणि दोघं वेंगुर्ल्याजवळ कुडाळला राहायला जाणार. म्हणून मार्चच्या शाळेच्या सुट्टीत सिंगापूरच्याच टॅम्पिनीस भागातल्या सौमित्रने चार दिवसांची वूशीची सहल काढली, तेव्हा सामंतांनी सगळ्यात आधी नाव दिलं. दोघंच गेले असते तर? हा प्रश्न त्यांना पुढे खूप वेळा पडला. पण बरोबर आपली माणसं असतील, जेवणाची सोय होईल, सरोजिनीला सोबत मिळेल, असा विचार त्यांनी केला. जेवणाची सोय! ती म्हणजे आपणच, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आपली माणसं परदेशात सहलीला निघाली की आधी जेवण निघतं आणि मग माणसं. बावीस जणांच्या सामानात दोन इलेक्ट्रिक कुकर, सहा किलो तांदूळ, मेतकूट, लोणच्याच्या तीन बरण्या, थालीपिठाची भाजणी आणि डब्यांची उतरंड होती. सामंतांनी विमानतळावरच सांगितलं होतं, एका खोलीत दोन कुकर लावायचे नाहीत, हॉटेलचा फ्यूज उडेल. त्यावर सौमित्र म्हणाला, "काका, म्हणूनच तर हे खातं तुमच्याकडे." आणि त्याची बायको गार्गी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्यासारखा मोकळा भात कुणाला जमतच नाही हो." सामंत विरघळले. पुढच्या चार दिवसांत हे वाक्य आठवून त्यांनी स्वतःला किती शिव्या घातल्या, याची गणती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सरोवरावर जायचे होते. साडेआठला बस. पण दुपारच्या दहीभाताचे बावीस डबे त्याआधी तयार हवे होते. पहिला कुकर पावणेआठला झाला, दुसऱ्याचा अ‍ॅडॅप्टर सैल निघाला. सामंत तो कागदाची घडी घालून बसवत असताना खाली हॉर्न वाजायला लागला. गार्गीचा फोन आला, "काका, मुलं कंटाळलीयेत. आम्ही पुढे होतो, तुम्ही टॅक्सीने या ना डबे घेऊन."

"तू जा त्यांच्याबरोबर," सामंत बायकोला म्हणाले.

"नको," सरोजिनीबाई दह्याचं पातेलं पुढ्यात ओढत म्हणाल्या. "बरोबर बघायचंय ना?"

टॅक्सी मिळून, ड्रायव्हरला फोनवरचं भाषांतर दाखवून, चुकीच्या गेटवरून बरोबर गेटवर यायला साडेअकरा वाजले. तोवर मंडळी बाहेर आली होती. सौमित्रची नऊ वर्षांची मुलगी आर्या उड्या मारत आली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "अंकल, सो बिग लाह! यू मिस्ड इट!" सौमित्रच्या एक्सेलमधल्या वेळापत्रकात पावणेबाराला रेशमाचा कारखाना होता. सामंतांनी गेटच्या कमानीतून आत पाहिलं. चेरीची झाडं नुकती फुलत होती. त्यांच्यामागे पाणी असावं. डबे वाटले गेले. "काका, फर्स्टक्लास!" असं तीन जण म्हणाले. सामंतांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, तरी ते हसले.

तिसऱ्या दिवशी सूर्यास्त होता. हा ठरलेला, वेळापत्रकात रंग भरलेला. सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्य सरोवरात बुडणार. सव्वापाचला सगळे काठावर पोचलेही. सामंत आणि सरोजिनीबाई जरा लांब, दगडी पायऱ्यांकडे निघाले. दहा पावलंही झाली नसतील, तोच सौमित्र टाळ्या वाजवायला लागला. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने एक भारतीय हॉटेल शोधून काढलं होतं. तिथे गरम फुलके होते आणि टेबलं सहा वाजताची होती. साडेसहापर्यंत पोचलो नाही तर ती दुसऱ्यांना देणार होते.

"अरे, पण सूर्यास्त?" सामंत म्हणाले.

"काका, सूर्यास्त काय, सिंगापूरला पुंगोलच्या किनाऱ्यावरूनही दिसतो. फुलके आज शेवटचे."

आणि चीनमधलं एवढं मोठं सरोवर पाठीशी टाकून एकवीस मराठी माणसं फुलक्यांसाठी बसमध्ये चढली. बाविसावे सामंतही चढले, कारण बायकोला पायरीवर हात द्यायला कुणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर भांडण करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. बस शहराकडे वळली. मागच्या काचेत तांबूस उजेड पसरत होता आणि सामंतांच्या पुढ्यात मात्र सीटची पाठ होती. हॉटेलात टेबलाशी बसले तरी त्यांचा राग गेला नव्हता. फुलका तोंडात फिरत राहिला. सरोजिनीबाईंनी त्यांच्या ताटात लोणचं वाढलं, आणि ते त्यांना जास्त झोंबलं.

चौथ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी सामंत उभे राहिले. गेले तीन दिवस मनात जुळवलेलं भाषण होतं, त्यातलं त्यांना एवढंच आठवलं, "आज मी भात लावणार नाही. मी आणि सरोजिनी सरोवरावर जाणार."



"बरं काका," गार्गी म्हणाली. "मी लावते." आणि तिने टोस्टला लोणी लावायला घेतलं.

सामंत तसेच उभे राहिले. बस? एवढंच? हे तीन दिवस, आणि त्याआधीची चाळीस वर्षं, एवढ्याशा वाक्याने झालं असतं? त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ते खाली बसले.

अडीच वाजता ते दोघं बोटीत होते. साडेतीनला गेटवर बस येणार, मग विमानतळ. चाळीस मिनिटांची फेरी, बेटांना वळसा घालून परत. वरच्या डेकवर अगदी पुढची बाकं मिळाली. हवेत गारवा होता. सरोजिनीबाईंनी शाल घट्ट केली आणि एक हात शालीतून बाहेर काढून सामंतांच्या हातावर ठेवला. इतक्या वर्षांनी दोघं एकाच डेकवर, एकाच बाकावर. बोट सुटली.

काठापासून जरा दूर गेल्यावर इंजिनाने वेग घेतला आणि सामंतांना तो आवाज ऐकू आला.

तीन ठोके नीट पडत होते. चौथा अडखळत होता.

आपलं जहाज नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. समोर बघ. त्यांनी समोर बघितलं. पाणी होतं, खूप होतं. तीन ठोके, मग अडखळ. बुटाच्या तळव्यातून थरथर वर येत होती. वेग कमी केला तर जाईल का? बोट वळली, वेग कमी झाला. नाही गेली. म्हणजे पंप नव्हे. सामंतांनी मान जराशी वळवून मागच्या नळकांड्यातला धूर पाहिला. काळपट होता.

"ते बघा, बगळे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"हं."

"अहो, आणि ते बेट. देऊळ आहे वाटतं वर."

"हं, छान आहे."

ते जागचे उठले नाहीत. खाली जायचा जिना चार पावलांवर होता, इंजिनचं दार उघडं होतं, तरी ते बाकाला चिकटून राहिले. याचा त्यांना मनातल्या मनात अभिमानही वाटला. फक्त डोळे डेकच्या फळ्यांवर होते, कारण ऐकताना माणूस खालीच बघतो. बेटं मागे पडली. चेरीचा गुलाबी काठ पुन्हा जवळ आला. धक्क्याला लागताना बोटीने उलटा वेग घेतला, आणि चारही ठोक्यांतून दोष कुणाचा ते सामंतांना लख्ख कळलं.

दोघं उतरले, रेलिंगपाशी थांबले. बोट पुढचे प्रवासी घेऊन गेली.

"कसं वाटलं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"इंजेक्टर गेलाय," सामंत म्हणाले. आवाजात उत्साह होता. "चौथ्या सिलिंडरचा. मला आधी पंप वाटला होता, पण उलटं घेताना—"

ते थांबले. थांबायला उशीर झाला होता.

सरोजिनीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. राग असता तर परवडलं असतं.

"तुला तरी दिसलं ना नीट?" सामंतांनी घाईघाईने विचारलं. "बगळे, ते देऊळ?"

"नाही," त्या म्हणाल्या. "देऊळ म्हटलं त्यानंतर काही बघितलं नाही मी. तुमच्या तोंडाकडे बघत होते. कधीतरी वर मान कराल म्हणून."

सौमित्र नव्हता, गार्गी नव्हती, फुलके नव्हते, हॉर्न नव्हता. दोष ढकलायला एकही माणूस उरला नव्हता. ज्या कुणी त्यांना एवढी वर्षं खाली धाडलं होतं, तो त्यांच्याच बुटांत उभा होता. "आपण अजून एक फेरी मारू," ते म्हणाले. "मी तिकिटं काढतो. पळत जातो."

"तीन वाजून गेले. बस येईल."

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. सरोजिनीबाईंनी तो कानाला लावला. पलीकडून गार्गीचा आवाज सामंतांनाही ऐकू येत होता. "काकू, कुकरचं झाकण लॉक झालंय, निघतच नाहीये. पॅकिंग अडलंय सगळं. काका आहेत का जवळ?"

सामंतांचा हात आपोआप फोनसाठी पुढे झाला. झाकण कसं काढायचं ते त्यांना माहीत होतं. डावीकडून जरा दाबायचं असतं.

सरोजिनीबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही गं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आले होते माझ्याबरोबर. पण इथे नाहीत."

त्यांनी फोन बंद केला, शाल सावरली आणि त्या गेटच्या दिशेने चालू लागल्या. सामंतांचा हात अजून पुढेच होता. समोर सरोवर होतं, सगळंच्या सगळं, आणि आता आवाज कसलाच नव्हता. त्यांनी मान वर केली. पण त्यांना दिसली ती फक्त बायकोची लांब जाणारी पाठ, आणि ते तिच्यामागे धावले.