डाळज जळालं

बारामतीच्या एमआयडीसीत आम्ही शेतीपंपांचे ऑटो-स्टार्टर बनवायचो. आतल्या सर्किट बोर्डाचं डिझाइन मी संगणकावर करायचो. मालकांना एकच गोष्ट खटकायची. रेझिस्टरचे नंबर एक, दोन आणि मग एकदम पाच.

"मधले दोघं कुठं गेले?"

"लागले नाहीत, काढून टाकले," हे उत्तर त्यांना पटेना.

म्हणून मी नवे नंबर द्यायची आज्ञा दिली. सॉफ्टवेअरनं बोर्डावर डावीकडून उजवीकडं ओळीनं नवे नंबर लावले, पण सर्किटच्या आकृतीत जुनेच ठेवले. तिथंही बदल करायला गेलो, एकचा दोन, दोनचा पाच, पाचचा सहा, तर जो एकचा दोन झाला तोही पुढच्या फेरीत पाच होत गेला. शेवटी सगळे रेझिस्टर आर-बारा, म्हणजे बारा नंबरचे, होऊन बसले.

उपाय सुचला. आधी दोन्हीकडं भलतीच तात्पुरती नावं द्यायची, मग त्यांचे नवे नंबर करायचे. एसटीच्या पाट्या डोळ्यांपुढं होत्या. सुपे, पिंपळी, भिगवण, डाळज, अशी एकेका रेझिस्टरला एकेक गाव देऊन टाकलं. नवे नंबर करायच्या आधी मी जेवायला गेलो आणि तेवढ्यात मालक डिझाइनची फ्लॉपी घेऊन बोर्ड छापायला पुण्याला गेले.

बोर्ड छापून आले ते गावांची नावं घेऊन. जोडणीच्या बायका खूश.

"सुपं बसवलं का गं?"

"व्हय, पिंपळी तेवढी राहिली."

एकही चूक होईना, म्हणून मालकांनी माल तसाच विकला.

पुढं इंदापूर तालुक्यातून तक्रार आली. डाळजचे एक तात्या. मी जाऊन डबा उघडला. तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशेजारचा रेझिस्टर काळा पडला होता. तात्यांनी चष्मा लावून त्याच्याखालचं नाव वाचलं: डाळज.

"एवढ्या गावांत आमचंच जळायचं?"

"तात्या, ते नुसतं नाव हाय."

"नाव हाय म्हणूनच म्हणतो. आमचं गाव गार जागंला हलवा. न्हायतर डबा परत न्या."

रेझिस्टर बदलून दिला, मोटार चालू झाली, तरी चहा पाजताना त्यांनी पुन्हा तेच बजावलं.

परत येऊन सांगितलं, तर मालक गंभीर झाले. डाळज कोपऱ्यात हलवायचं ठरलं. पण गरम जागेवर कुणाचं गाव? जोडणीच्या टेबलावर बायकांचं भांडण जुंपलं. कुणी माहेर द्यायला तयार नाही, कुणी सासर. शेवटी एक बाई म्हणाली, "मालकांची सासुरवाडी घाला."

मालकांनी क्षणभरच विचार केला.

"घाला," म्हणाले, "पण घरी कळू देऊ नका."