साडूभाऊंची पाणबुडी घडी

समुद्रापासून इतक्या लांब बसून समुद्राच्या तळाशी जायची एवढी तयारी केलेला माणूस पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. गांधीबागेत साड्यांचं ठोक दुकान, अंबाझरी तलावाच्या काठावर उभे राहिले तरी चक्कर येते, पोहण्याचं नाव काढलं की विषय बदलतात; आणि कपाटात काय, तर पाणबुड्यांनी खोल समुद्रात बांधायची जुनी, उंची, स्वित्झर्लंडची घड्याळं! बरं, साडूभाऊंच्या मते घड्याळ जेवढं विटकं तेवढं मोलाचं. डायलभोवतीचं काळं कडं उन्हानं राखाडी झालं, पांढरे आकडे पिवळे पडले, की हे गृहस्थ त्याच्याकडे नव्या नवरीकडे पाहावं तसे पाहत बसतात. "घडीले पॉलिश करणं म्हणजे पाप गा," ते मला सांगतात, "तिचं म्हातारपण पुसायचा आपल्याले हक्क नाही."

आणि पाणी? त्याचा तर थेंब चालत नाही. पाणबुड्याच्या घड्याळाला! लग्नात गुलाबपाणी शिंपडणारी पोर दिसली की साडूभाऊ डावा हात पाठीमागे लपवतात. संत्रं सोलायच्या आधी घड्याळ काढून रुमालात बांधतात. एकदा भर मे महिन्यात गेलो, बाहेर नुसती आग, आणि हा माणूस कूलर बंद करून घामानं निथळत बसलेला. मी म्हटलं, "काहून?" तर म्हणाले, "कूलरची हवा दमट असते. घडी बाहेर काढून ठेवली आहे न." अहो, दोनशे मीटर खोल जाते असं डायलवरच लिहिलंय, असं मी दाखवलं, तर म्हणे, "ते तिच्या जवानीत. आता आतलं रबर सडलं. म्हाताऱ्या पैलवानाले कोणी आखाड्यात उतरवते का?"

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आमच्या माई. त्या या घड्याळांना सवती म्हणायच्या आणि लग्नापासून त्यांनी त्या कपाटाला बोटही लावलं नव्हतं. यंदा साडूभाऊंच्या छातीत कळ आली, ऑपरेशन झालं, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शुद्धीवर येताच या माणसानं काय विचारावं? "माही घडी कुठं आहे?" माई बाहेर येऊन रडल्या आणि तिथेच नवस बोलल्या, हे धड घरी आले तर दसऱ्याला सवतीचीसुद्धा पूजा करीन.

दसऱ्याला कापडवाल्याच्या घरी कापड मोजायचा गज आणि कात्री धुऊन पुजतात. मी सोनं द्यायला गेलो, तर पाटावर गज, कात्री आणि मधोमध साडूभाऊंचं सगळ्यांत लाडकं घड्याळ. एका म्हाताऱ्या खलाशाला वर्षानुवर्षं गळ घालून मिळवलेलं. माईंनी ते चिंचेच्या पाण्यात भिजवून नारळाच्या काथ्यानं घासलं होतं. नुसतं लखलखत होतं. काचेच्या आत पाणी डुचमळत होतं आणि पिवळे आकडे सुटून खाली जमले होते. नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस अंघोळ करून बाहेर येत होता. मी आधी खुर्ची पुढे ओढली.

"पाहा, कशी निघाली," माई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही कधी घासलीच नाही. पाण्यातली घडी, म्हणून पाण्यातच ठेवली होती."

साडूभाऊ पांढरे फटक पडले. मग त्यांनी माईंच्या चिंचेनं सुरकुतलेल्या बोटांकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. "बांध ना वं. मले तर वाटलं नवीच आणली."

साडूभाऊ मला सोडायला फाटकाशी आले, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "अहो, सत्यानाश झाला घड्याळाचा."

"झाला न गा. पण तिले सांगू नोको. माह्या जीवासाठी नवस केला होता तिनं."

तेव्हापासून ते दुसरं घड्याळ बांधत नाहीत. परवा संध्याकाळी गेलो होतो. माईंनी विचारलं, "किती वाजले हो?" साडूभाऊंनी त्या बंद पडलेल्या, चकचकीत घड्याळात नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं, "चार." बाहेर चांगलं अंधारून आलं होतं. माई "बरं" म्हणाल्या आणि देवाजवळ दिवा लावायला उठल्या. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी चहा पीत राहिलो. खरं सांगतो, मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.