चढावरचा आवाज

बोपदेव घाटात, जिथे चढ अंगावर येतो आणि माणूस उगाच देवाचं नाव घ्यायला लागतो, तिथे तो आवाज पहिल्यांदा आला. कट्. उजवा पाय खाली गेला की कट्. परत खाली गेला की परत कट्. सपाटीवर काही नाही, उतारावर काही नाही. जोर लावला की बोलणार.

"मॅडम, सायकल कुरकुरतेय," मागून सर म्हणाले. सर म्हणजे आमच्या रविवारच्या ग्रुपमधले निवृत्त प्राध्यापक. ते कुठल्या विषयाचे हे मला अजून कळलेलं नाही, कारण ते सगळ्याच विषयांवर बोलतात.

"मग मी काय गातेय का? मीही कुरकुरतेच आहे," मी म्हटलं, आणि सगळे हसले.

मी मात्र मनापासून हसले नव्हते. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरात तो रोज येतो. आई खुर्चीतून उठते तेव्हा तिच्या उजव्या गुडघ्यातून अगदी तस्साच कोरडा कट् येतो.

आई आमच्याकडेच असते, कसबा पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. या बाईने एकेकाळी अख्खी पेठ पायाखाली घातली होती. मंडई, देऊळ, नदीकाठ, नातेवाईकांची आजारपणं, सगळं चालत. रिक्षा म्हणजे तिच्या मते उधळपट्टी. मग गुडघे दुखायला लागले. मग ती जिना आडवी होऊन उतरायला लागली, मग फक्त सणावारी उतरायला लागली, आणि मग उतरलीच नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, "या वयात मला सुतारकाम नको." आता तिचं जग म्हणजे खिडकी आणि खिडकीतून दिसेल तेवढी गल्ली. आणि हे सगळं सुरू झालं तेव्हा तिचं वय होतं आज माझं आहे तेवढंच.

मी सायकल हातात घेतली ती डॉक्टरांनी साखरेवरून दम दिल्यावर. पण राहिले ती वेगळ्याच कारणासाठी. आठवडाभर बँकेत काउंटरमागे बसायचं, लोकांचे टोमणे ऐकायचे, घरी येऊन भाजी चिरायची. रविवारी पहाटे मात्र मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. घाटमाथ्यावर पोचल्यावर चहाचा पहिला घोट घेते तेव्हा मी कुणाची आई नसते, बायको नसते, काउंटर नंबर तीनसुद्धा नसते. हे सोडायचं म्हणजे काय, हे मला खिडकीत बसलेली आई रोज दाखवत होती.

आमच्या ग्रुपमध्ये एक रीत आहे. सायकलीतून न कळणारा आवाज यायला लागला की दोघांनी सायकली बदलायच्या. तुझी मला, माझी तुला. आवाज सायकलीबरोबर गेला तर दोष सायकलीचा. माणसाबरोबर राहिला तर माणसाचं काहीतरी वाजतंय: बुटाची पट्टी, किल्ल्यांचा जुडगा, काहीही. एकदा एका गृहस्थांच्या खिशात आवळा सुपारीची डबी निघाली होती, आणि त्याआधी त्यांनी अख्खा गिअर बदलून घेतला होता. तर असं हे साधं, दोन वळणांचं काम. एका मिनिटात सोक्षमोक्ष.

मला तो सोक्षमोक्षच नको होता. आवाज माझ्याबरोबर राहिला तर? मग बुटावर किती दिवस ढकलणार?

"आणा इकडे, मी चालवून बघतो," सर प्रत्येक रविवारी म्हणायचे.

"नको. माझी सीट माझ्या मापाला लावलीय. कुणी बसलं की बिघडते."

"सायकल आहे का टूथब्रश?"

सगळे हसले. हसोत. मी सायकल काही दिली नाही.

द्यायची नाही म्हटल्यावर दुरुस्त्या करणं आलं. ग्रुपमध्ये सल्ल्यांना तोटा नाही. विचारायचीही गरज नसते. एक म्हणाला पेडल. पेडल काढली, ग्रीस लावलं, परत बसवली. कट्. नवी पेडल घातली. कट्. दुसरा म्हणाला, पेडलच्या मधलं बेअरिंग गेलं असणार. तेही बदलून आणलं. कट्. तिसऱ्याने सांगितलं की सीटचा दांडा फ्रेममध्ये कोरडा पडला की असाच आवाज येतो. म्हणून शनिवारी बाल्कनीत पेपर पसरून मी सीटचा दांडा ओढून काढला, पुसला, ग्रीस चोपडलं आणि परत खुपसला.

नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "आता आत्माच काढायचा राहिलाय तिचा," तो म्हणाला.

"अहो, मदत करायची नसेल तर निदान उजेडातून तरी बाजूला व्हा."

तो बाजूला झाला, पण गेला नाही. माझ्या पायांकडे बघत राहिला. मला ते तेव्हा जाणवलं, आणि मी मुद्दाम टुणकन उठून उभी राहिले.

आणि त्याच आठवड्यात गुडघा दुखायला लागला. वाटीच्या खाली, समोरच्या बाजूला. सायकल चालवून आलं की जिना चढताना कळ यायची. झालं! आवाजही उजवीकडे, दुखणंही उजवीकडे. आता शंकेला जागाच उरली नाही. मी कठड्याला हात लावून जिना चढायला लागले, आणि वर पोचायच्या आधी हात काढून घ्यायला लागले, कारण दार उघडं असायचं आणि आत आई बसलेली असायची.

डॉक्टरकडे का गेले नाही, असं कुणीही शहाणा माणूस विचारेल. विचारा. मी बँकेत लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलेय की अहो, वेळेवर या, मुदत संपल्यावर येऊन काही होत नाही. स्वतःची वेळ आली तेव्हा माझी शुद्ध भंबेरी उडाली. दाखवलं नाही तोवर आणखी एक रविवार मिळतो, एवढाच हिशोब होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्यातला एक रविवार उजाडला तो मनाशी ठरवूनच. आज शेवटचा घाट. वर जायचं, चहा प्यायचा आणि आल्यावर सायकल विकायला काढायची. कुणाला काही सांगायचं नाही. घाटाच्या पायथ्याला टपरीवर आम्ही थांबलो होतो. मी पाठ वळवून पाण्याची बाटली भरत होते, तेवढ्यात मागे स्टँड वाजल्यासारखं झालं. बघते तर आमच्यातली खडकीची मैत्रीण माझ्या सायकलवर टांग टाकून बसलेली.

ही दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहते. माझ्याहून लहान, पण उंचीला बरोब्बर माझ्याएवढी. आणि बोलायला लागली की माझी बोलती बंद करते, असं या शहरात फार थोड्यांना जमतं.

"अगं ए! उतर आधी!"

"नाही उतरत. ताई, दर रविवारी तुमचं ते सुतकी तोंड बघवत नाही मला. काय तो सोक्षमोक्ष लावून टाका. माझी घ्या आणि या मागून."

आणि गेलीसुद्धा. आता टपरीवर बसून राहायचं किंवा तिची सायकल घ्यायची. सर मिशीतल्या मिशीत हसत होते. मी तिची सायकल घेतली.

पहिल्या वळणापर्यंत मी जवळजवळ श्वासच घेतला नाही. सगळा जीव उजव्या गुडघ्यात गोळा झाला होता. पाय खाली गेला. काही नाही. परत गेला. काही नाही. असेल, अजून चढ हलका आहे, मी स्वतःला बजावलं, एवढ्यात नाचू नकोस. मग तो चढ आला, तोच, अंगावर येणारा. मी सीटवरून उठले, पेडलवर उभी राहिले आणि सगळं वजन उजव्या पायावर टाकलं. जे व्हायचं ते होऊ दे एकदाचं!

चेनची सरसर. माझी धाप. बाकी शांत.

आणि पुढून, दोन वळणांच्या मधल्या रस्त्यावरून, स्पष्ट, ठणठणीत: कट्. कट्. कट्.

इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "येतोय!" मी बोंबलले. "अगं, येतोय गं सायकलचा आवाज! तिचाच आहे!" खालून येणाऱ्या एका दुधवाल्याने गाडी हळू केली आणि मला काही झालंय का ते बघून पुढे गेला.

मैत्रीण कडेला थांबली होती. मी पोचले तर ती स्वतःचाच गुडघा चोळत होती. "ताई, आवाजाचं सोडा. ही सीट किती खाली ठेवलीय तुम्ही? माझे गुडघे हनुवटीला लागायचे बाकी होते. एवढ्याशा चढात दुखायला लागले की!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. ग्रीस लावून दांडा परत खुपसताना मी आधीची खूण बघितलीच नव्हती. चांगली बोटभर खाली बसवली होती सीट. आणि तेव्हापासूनचे सगळे रविवार मी खुरमांडी घालून बसल्यासारखी सायकल चालवत होते. गुडघा दुखणार नाही तर काय करेल बिचारा? पुढे डॉक्टरांनीही तपासून हेच सांगितलं, आणि वर फी घेतली.

तोवर सर आले. त्यांनी सायकल उलटी केली, रुमालाने पेडलच्या वरचा भाग पुसला आणि चष्मा कपाळावर सरकवला. फ्रेमच्या दोन नळ्या जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ होती. त्या जागेवर मी कितीदा फडकं फिरवलं होतं. मला तो रंगावरचा ओरखडा वाटला होता. सरांनी पेडलवर हाताने दाब दिला. रेघ उघडली. सोडला, मिटली. कट्.

"फ्रेम गेली," सर म्हणाले. या माणसाला इतकं हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं. "उतारावर तुटली असती तर..."

मैत्रिणीचा चेहरा पांढरा पडला. ती आत्ताच त्याच फ्रेमवर बसून वर आली होती. मी तिचा हात घट्ट धरला आणि तिथेच कडेला बसले. तुटली नव्हती. कुणी पडलं नव्हतं. ती समोर धडधाकट उभी होती.

मागचे लोकही येऊन पोचले. एकेक जण वाकून रेघ बघायचा, च् च् करायचा आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. फार चांगली होती हो सायकल. किती वर्षं साथ दिली. अगदी दहाव्याला आल्यासारखं चाललं होतं. आणि मी रस्त्याच्या कडेला बसून, डोळ्यांतून पाणी वाहतंय तरी खो खो हसत होते.

"मॅडमना धक्का बसलाय. पाणी द्या कुणीतरी," सर म्हणाले.

सायकल टेम्पोत घालून घरी आणली. जिन्यात मी कठड्याला हात लावला नाही. नवऱ्याने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे.

"फ्रेम मोडली," मी म्हटलं. "फ्रेमच मोडलीय. गुडघ्याला काही झालेलं नाही."

तो तिथेच चपलांच्या स्टँडवर बसला. "बरं झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा, "फार बरं झालं." टोमणा नाही, काही नाही. म्हणजे यालाही सगळं कळत होतं तर.

आई खिडकीशी होती. तिच्यापासून लपवायचं आता काही कारण नव्हतं. मी खाली तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. आवाज, पेडल, बेअरिंग, सीट. कुणाला सायकल का देत नव्हते तेही. "मला वाटलं, माझंही तुझ्यासारखंच..." एवढं बोलून मी थांबले. तिच्यासमोर बोलायचं वाक्य नव्हतं ते.

तिला मात्र वाईट वाटलेलं दिसलं नाही. ती माझ्या गुडघ्यावर हात फिरवत होती.

"माझा आवाज सुरू झाला ना," ती म्हणाली, "तेव्हा मी उठताना भांडं आपटायचे. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुझ्या बाबांना वाटायचं, मी रागावलेय."

आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटायचं. त्या दिवसांत आई फार तापट झालीय असं आम्ही भावंडं आपसात बोलायचो. मी तर तिला तोंडावर म्हटलं होतं, की तुझ्याशी बोलायचीच सोय राहिली नाही.

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं असतं तर जिना बंद केला असता तुम्ही माझा." तिने खिडकीबाहेर बघितलं. "ते जाऊ दे. दुसरी सायकल कधी घेतेस?"

"बघू. दिवाळीच्या सुमाराला..."

"बघू नकोस," आई म्हणाली. "उद्या जा."

दुसऱ्या दिवशी मी बँकेत रजा टाकली.