दीड पान

बघूशेठना आपण ओळखत होतो, असं मास्तरांना छातीठोकपणे सांगता आलं नसतं. एक तपभर त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात जाणंयेणं होतं, पण त्यांना मुलंबाळं किती, हेही मास्तरांनी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं की ते ‘बघू’ म्हणत. त्यावरून नाव पडलं. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडालेला.

निवृत्तीनंतर मास्तर अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करत. रेकॉर्डर जुना, आत हार्ड डिस्क असलेला. इतिहासाचं पुस्तक वाचून संपलं त्याच महिन्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, उरली ती कुजबुज. आणि रेकॉर्डिंगची प्रत काढायच्या आतच डिस्क टकटक करू लागली. पडद्यावर प्रश्न आला: ‘डिस्क पुसून नव्याने तयार करू?’ कुणाला नाही म्हणणं मास्तरांच्या स्वभावातच नव्हतं. बोट ‘हो’वर गेलंही होतं; बायकोने मनगट धरलं.

“अहो, जन्मभर सगळ्यांना हो म्हणत आलात, निदान यंत्राला तरी नाही म्हणा!”

मुलांची परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि पुस्तक पुन्हा वाचणं आता मास्तरांच्या हातात राहिलं नव्हतं.

बघूशेठनी झाकण उघडलं, डिस्कला कान लावला.

“बदलावी लागेल.”

“आणि आतलं?” मास्तर कुजबुजले.

“हिच्यातलं कॉम्प्युटरला वाचता येत नाही. याच मशीनवर वाजवून दुसरीकडे उतरवून घ्यायचं. चालली तर. पुस्तक ठेवून जा.”

डिस्क वीस मिनिटं चाले, तापली की थांबे. मग तिला टेबल फॅनपुढे निवू द्यायचं, पुन्हा वीस मिनिटं. असे अकरा दिवस. शेजारचा शिंपी मास्तरांना म्हणाला, “तुमच्या मशीनपायी म्हातारा इतिहासात पहिला येणार बघा!” नवी मोठी डिस्क मशीनने ओळखलीच नाही, अखेर भंगारातली एक लहान, जुनी डिस्क त्याच्या पचनी पडली.

बाराव्या दिवशी बघूशेठनी मशीन, सीडी आणि पुस्तक हातात दिलं. “ऐकून घ्या,” एवढंच म्हणाले.

घरी ऐकताना सातव्या धड्यात मास्तरांचा आवाज मध्येच तुटला आणि भलताच एक आवाज सुरू झाला: घोगरा, शब्दाशब्दाला ठेचकाळणारा. दीड पानभर. मग पुन्हा मास्तर. तेवढा भाग डिस्कने काही केल्या दिला नव्हता, हे उघड होतं. बारा वर्षांत बघूशेठना एका दमात इतकं बोलताना मास्तरांनी ऐकलं नव्हतं.

मुलांना पुस्तक वेळेवर मिळालं. त्याच हिवाळ्यात बघूशेठ गेले. मास्तरांना ते आठवड्याने कळलं, तेही शिंप्याकडून.

दोघांचं शेवटचं बोलणं झालं होतं ते सीडी ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी. आभार कसे मानायचे ते वाटभर घोकत मास्तर दुकानात गेले, आणि तोंडातून निघालं भलतंच.

“‘सार्वभौमत्व’ला तीनदा अडखळलात.”

बघूशेठनी मान वर केली नाही. “चष्मा घरी राहिला होता.”

“पुढच्या वेळी घालून वाचा.”

“बघू.”