लाल दोऱ्यातल्या तारखा

सरकारी इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून शिवणखोली होती. तिथे दोन शिलाई मशिनं, एक कपाट आणि माझी मावशी. तीस वर्षं. रोज सकाळी फाटक्या चादरींचा ढीग तिच्यापुढे येऊन पडायचा. चादर नेहमी मधेच विरते, माणूस झोपतो तिथे. मावशी ती मधोमध उभी फाडायची, कडेचे धड भाग आत आणून जोडायची आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं महिना नि वर्ष घालायची. तारखेशिवाय कपडा तिच्या हातून वॉर्डात जायचाच नाही.

"कपड्याचं वय कळलं पाहिजे," म्हणायची, "बाईचं नाही कळलं तरी चालेल."

लग्न तिनं केलं नव्हतं. आमच्याकडेच राहायची आणि बाबांशी भांडायची. बाबा विजेच्या मीटरचे आकडे टिपत घरोघर फिरायचे, आणि दिवसभर गोळा केलेली लोकांची गाऱ्हाणी संध्याकाळी आमच्यापुढे ओतायचे.

"माणूस आजारी पडला तर सरकारनं बघायला हवं. कर कशाला घेतात मग?"

"सरकार म्हणजे कोण हो, भाऊजी? मीच ना? मी बघतेच आहे की. चादरी."

"चेष्टा नको, मेहुणीबाई."

"चेष्टा कसली! अंग आपलं, काळजी आपली. यांना नाक पुसायलाही सरकार हवंय."

"आणि ज्याच्याकडे रुमालच नाही त्यानं?"

"त्यानं माझ्याकडे यावं. शिवून देते."

"तुम्ही दोघं निवडणुकीला उभे राहा," आई स्वयंपाकघरातून ओरडायची. "घरात शांतता तरी होईल."

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या छातीची तपासणी करायचं मशीन आलं होतं. तपासणी फुकट. त्या खोलीचे पडदे मावशीनंच शिवलेले. मशीन चालवणारी मुलगी सात महिने टिकली, मग तिची बदली झाली आणि तिची जागा काही भरली नाही. बायका यायच्या, कुलूप बघून परत जायच्या. एक दिवस वरच्या मोठ्या सिस्टर शिवणखोलीत आल्या.

"मशीनला खोळ हवी. धूळ बसतेय."

"नाड्या लावू?"

"नाड्या नकोत. परवा कुणीतरी वायर काढून नेली. चारी बाजूंनी शिवूनच टाका."

मावशीनं जाड कापडाची खोळ घातली आणि जमिनीवर बसून ते मशीन आत शिवून टाकलं. घरी येऊन तिनं त्याची नक्कल केली. डोक्यावरून चादर घेऊन ताठ उभी राहिली आणि आतून घुमली, "या बायांनो, तपासणी चालू आहे, फक्त तपासणारं कुणी नाही!" आम्ही पोट धरधरून हसलो. बाबासुद्धा.

तेव्हा तिच्या डाव्या छातीत गाठ होती. वाटाण्याएवढी. खोळ शिवायच्या आठवडाभर आधी ती वर जाऊन त्या मशीनची चौकशी करून आली होती, हे सिस्टरनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. "कुणासाठी?" असं त्यांनी विचारलं, तर मावशी म्हणाली, "शेजारणीसाठी." सिस्टर म्हणाल्या, "शेजारणीला म्हणावं, बाहेर खाजगीत करून घे."

बाहेर म्हणजे खर्च. खर्च म्हणजे बाबांना सांगणं. आणि बाबांना सांगणं म्हणजे हरणं.

मग तिनं तिला जे येत होतं ते केलं. डावीकडे सूज वाढली तशी कामाच्या निळ्या कोटाला उजवीकडे आतून कापसाची गादी लावली. माप जुळलं. सूज आणखी वाढली, तर नवा कोट, जाड गादी. मी एकदा तिला म्हणालेसुद्धा, "मावशी, जाड झालीस गं!"

"तुझ्या आईच्या हातचं खाऊन दुसरं काय होणार?" आई केवढी खूश झाली होती.

एका सकाळी चादरींचा गठ्ठा उचलताना तिचा डावा हात वर गेलाच नाही. ती गठ्ठ्यावरच बसली. धुलाईखान्यातल्या बायकांनी तिला धरून वर नेलं.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दोन महिने."

"नक्की?"

"दोनच. खोटं कशाला बोलू?"

तिचे कपडे आणायला मी घरी गेले. कपाटात असेच पाच निळे कोट होते. प्रत्येकाची उजवी बाजू जड लागली म्हणून मी ते उलटे केले. आतल्या दुमडीत लाल दोरा. महिना, वर्ष. हाताला सवय होती, स्वतःच्या कोटांवरही तारखा घालून बसली होती.

मी पाचही कोट डॉक्टरबाईंच्या टेबलावर ओळीनं मांडले. पहिला सोळा महिन्यांपूर्वीचा, त्यात कापसाचा पातळसा थर. शेवटच्यात दोन मुठी भरतील एवढा कापूस. डॉक्टरबाई एकेक गादी चिमटीत दाबून बघत राहिल्या.

"पहिल्या कोटाच्या वेळी आली असती तर?" आईनं विचारलं.

"तर बहुतेक वाचली असती."

खाटेशी उभे राहून बाबा तावातावानं बोलत होते. "मशीन झाकून ठेवतात म्हणजे काय? मी अर्ज करतो. सोडत नाही एकेकाला!"

"भाऊजी," मावशी म्हणाली, "सरकारला एवढं विचारता. मलाही एकदा विचारायचं होतं, बरी आहेस ना म्हणून."

बाबा खाटेच्या कडेला टेकले.

"मी तरी कुठे सांगितलं म्हणा. बरोबरीत सुटलो आपण."

करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी घरी न्यायला सांगितलं त्या दिवशी मावशी मला म्हणाली, "खणातलं माझं उसवायचं पातं आण. आणि मला दुसऱ्या मजल्यावर ने."

खोळ बघायची आहे म्हटल्यावर सिस्टरनी कुलूप काढून दिलं. मावशी जमिनीवर बसली आणि एका हातानं टाके उसवू लागली. कापड मी ताणून धरलं. टाके तिचेच, सहज सुटणारे थोडेच असणार! कोपऱ्यात लाल दोरा होता. पहिल्या कोटावरचाच महिना.

"अहो, हे काय? माणूस मिळालेला नाही अजून," सिस्टर म्हणाल्या.

"नसू दे."

"धूळ बसेल."

"बसू दे. मशीन आहे हे दिसू तरी दे."

दार उघडं बघून शेजारच्या खोलीबाहेरच्या रांगेतल्या दोघी-तिघी डोकावल्या. "चालू झालं का हो?"

"नाही," मावशी म्हणाली. पातं थांबलं नाही. "का नाही ते यांना रोज येऊन विचारा. पण विचारत थांबू नका, मिळेल तिथे दाखवून घ्या. मी थांबले."

चौथ्या महिन्यात ती गेली.

बाबांचे तीन अर्ज झाले. परवा चौथा घेऊन मीच गेले. मशीन चालवणारं अजून कुणी आलेलं नाही. उघड्या मशीनवर धुळीचा थर होता आणि त्यात कुणीतरी बोट ओढलेलं होतं. नवी खोळ घालायची आहे, सिस्टर म्हणाल्या, पण शिवायला कुणी नाही. शिवणखोलीतली जागाही भरलेली नाही.